रस्ता ओलांडताना या चुका टाळा: घोडबंदर रोडवर रोज दिसणारे प्रकार

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या मानपाडा, पातलीपाडा, कासारवडवली या थांब्यांवर संध्याकाळी पंधरा मिनिटे उभे राहिले, तरी रस्ता ओलांडताना होणाऱ्या बहुतेक सगळ्या चुका पाहायला मिळतात. गेली वीस वर्षे मी याच रस्त्याने ये-जा करते आहे आणि त्याच त्या चुका पाहून आता खरोखर जीव थकला आहे. या चुका करणारी माणसे अडाणी नसतात, बेफिकीरही नसतात. त्यांना घरी पोहोचायची घाई असते आणि आजवर काही झाले नाही, म्हणून आजही होणार नाही, असे त्यांनी मनाशी धरलेले असते.

सर्वांत घातक चूक म्हणजे थांबलेल्या वाहनाच्या पुढून बाहेर येणे. बसमधून उतरायचे, बसच्या तोंडासमोरून वळसा घालायचा आणि सरळ दुभाजकाकडे निघायचे, हे इतके अंगवळणी पडलेले असते की त्यात काही चुकते आहे असे कोणाला वाटतच नाही. बस उंच आणि रुंद असते. तिच्या उजव्या बाजूने येणाऱ्या दुचाकीस्वाराला तुम्ही दिसत नाही आणि तुम्हालाही तो दिसत नाही. दोघे एकमेकांना दिसतात तेव्हा मध्ये जेमतेम दोन-तीन मीटर उरलेले असतात.

हे मी स्वतः भोगले आहे. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये मानपाड्याजवळ मी बसमधून उतरले. पाऊस नुकताच थांबला होता. मी बसच्या पुढे आले, तेव्हा चालकाने काचेआडून हात हलवून मला ‘जा’ अशी खूण केली. त्याच्या चांगुलपणावर विसंबून मी न थांबता पुढे गेले. बसच्या उजव्या कोपऱ्यापलीकडे पहिले पाऊल पडले आणि मोटारसायकलचे हँडल माझ्या पिशवीच्या बंदात अडकले. मी बसच्या बंपरवर आदळले, मोटारसायकल ओल्या रस्त्यावर घसरत गेली आणि पिशवीतला स्टीलचा डबा खणखणत दुभाजकापर्यंत गेला. माझा हात चार आठवडे गळ्यात बांधून ठेवावा लागला. मोटारसायकलवरच्या मुलाचे मनगट मोडले. तो वेगात नव्हता आणि त्याची चूकही नव्हती. बसचालकाने खूण केली ती फक्त त्याच्या बसपुरती होती, शेजारच्या लेनची हमी तो देऊच शकत नव्हता. हे साधे सत्य मला त्या दिवसापर्यंत सुचले नव्हते.

तेव्हापासून मी प्रत्येक लेन हा वेगळा रस्ता समजते. एखादी मोटार मला पाहून थांबली, तर तिच्या पुढच्या चाकापर्यंत जाते, तिथे पुन्हा थांबते, मान पुढे काढून पलीकडची लेन पाहते आणि मगच पुढचे पाऊल टाकते. मागून हॉर्न वाजला तरी ही पद्धत मी सोडत नाही. बसमधून उतरल्यावर तर ती निघून जाईपर्यंत मी जागची हलतच नाही. त्यात फार तर अर्धे मिनिट जाते.

दुसरी चूक अंतराच्या अंदाजाची. ‘गाडी अजून लांब आहे’ हे वाक्य मी रोज ऐकते आणि दर वेळी ते कोणत्या हिशेबाने म्हटले जाते हा प्रश्न पडतो. हिशेब अवघड नाही. एक लेन साधारण 3.5 मीटर रुंद धरली, तर तीन लेनची एक बाजू 10.5 मीटर होते. धडधाकट माणूस सेकंदाला सुमारे 1.2 मीटर चालतो, म्हणजे ती ओलांडायला त्याला जवळपास 9 सेकंद लागतात. ताशी 60 किलोमीटर वेगाने येणारी गाडी तेवढ्या वेळात 150 मीटर कापते, म्हणजे साधारण लोकलचे सात डबे. गुडघे दुखणारे आजोबा सेकंदाला 0.8 मीटरच चालत असतील, तर त्यांना दहा डब्यांहून अधिक अंतर मोकळे हवे. चालकाने पाहताक्षणी ब्रेक दाबायचा ठरवले, तरी पाय पेडलवर पडेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी 17 मीटर पुढे आलेली असते आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर मोटारीला थांबायला साधारण आणखी 20 मीटर लागतात. भरलेल्या कंटेनरला याहून बरेच जास्त लागतात आणि घोडबंदर रोडवर कंटेनरची वर्दळ मोठी आहे. म्हणून मोकळी जागा दिसली की धावत सुटणाऱ्या तरुणांचा मला मनापासून राग येतो. त्यांना पाहून मागची वयस्क मंडळीही रस्त्यावर उतरतात आणि मध्येच अडकतात.

निघाल्यानंतर मध्येच मागे फिरू नका. तुमची चाल पाहून चालकाने गाडी तुमच्या पाठीमागून काढायचे ठरवलेले असते.

दुभाजकाची तोडलेली जाळी हा रस्ता नव्हे. पादचारी पूल चढायला तीन-चार मिनिटे जास्त लागतात हे मान्य आहे, पण जाळीच्या फटीतून कोणी बाहेर येईल अशी अपेक्षा चालकाने ठेवलेलीच नसते. मेट्रो 4 च्या कामासाठी लावलेल्या पत्र्यांच्या फटींबाबतही हेच.

एका दिशेचा रस्ता म्हणून केवळ उजवीकडे पाहू नका. सेवा रस्त्यावर उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या सर्रास दिसतात. आधी उजवीकडे, मग डावीकडे आणि पाऊल टाकण्यापूर्वी पुन्हा उजवीकडे पाहावे.

सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर 2017 च्या वाहनचालन विनियमांनी पादचाऱ्याला प्राधान्य दिले आहे. तो हक्क जरूर बजावावा, मात्र गाडी खरोखर थांबल्यावर. नुसता हात दाखवून, मान खाली घालून चालू लागणे योग्य नव्हे. हात दाखवावा, चालकाच्या नजरेला नजर द्यावी आणि गाडीचा वेग कमी झालेला दिसल्यावरच उतरावे.

कानातली इअरफोनची बोंडे रस्ता ओलांडेपर्यंत काढून ठेवा. बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकीचा आवाज तसाही जेमतेम येतो.

मुलाचे बोट धरू नका, मनगट धरा, कारण घामेजलेल्या हातातून बोट सहज निसटते. शिवाय मूल नेहमी गाड्या येतात त्याच्या विरुद्ध बाजूला हवे. म्हणजे पहिली बाजू ओलांडताना ते तुमच्या डावीकडे असावे आणि दुभाजकावर थांबून त्याला उजवीकडे घ्यावे. पालक हा बदल जवळजवळ कधीच करत नाहीत.

पावसाळ्यात छत्री वाऱ्याकडे कलवून चालताना येणाऱ्या गाड्यांची बाजू अनेकदा पूर्ण झाकली जाते. ओल्या रस्त्यावर ब्रेकचे अंतर वाढलेले असते आणि चालकाची नजरही खड्डे चुकवण्यात गुंतलेली असते. दुभाजकावर पोहोचेपर्यंत मी छत्री मिटते आणि भिजते.