कर्ज फेडायला घेतलंय? मग या चुका टाळा

पुण्यात पगार झाला की पाच-सात तारखेपर्यंत घरभाडं, गाडीचा हप्ता, मोबाईलचा हप्ता, क्रेडिट कार्डाचं बिल सगळं एकामागोमाग कापलं जातं आणि मग प्रश्न पडतो की दर महिन्याला भरतोय तरी कर्ज कमी का होत नाही. बऱ्याचदा घोळ कार्डाच्या बिलातच असतो.

बिलावर दोन आकडे असतात, टोटल ड्यू म्हणजे पूर्ण बिल आणि मिनिमम ड्यू म्हणजे निदान एवढं तरी भरा अशी रक्कम. मिनिमम भरलं की लेट फी वाचते, पण व्याज चालूच राहतं. समजा १ लाख थकलेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ३५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०, झाले ४१३०. मिनिमम ५ टक्के धरलं तर तुम्ही ५००० भरले आणि मुद्दलातून कमी झाले फक्त ८७०! शिवाय मागचं बिल पूर्ण भरलं नसेल तर नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आज लक्ष्मी रोडवर घेतलेल्या साडीवर आजपासूनच व्याज लागतं. म्हणून फेडायला घेतलं की पहिलं काम कार्ड वापरणं बंद. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर तेही काढा, नाहीतर चहा-वडापावचं स्कॅनसुद्धा उधारीवर जातं आणि कळतही नाही.

दुसरी चूक मला जास्त खटकते. कार्डावर वर्षाला ४२ टक्के चाललेत आणि बँकेत ७ टक्क्यांची एफडी तशीच पडून आहे. एफडी मोडायला जिवावर येतं, मान्य आहे, घरातले मोठे पण नको म्हणतात, पण हिशोब करून बघा ना, ती एफडी रोज तोट्यात चाललीय. एक-दोन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा आणि बाकीचे सरळ कार्डावर भरा. भिशी लागली, बोनस आला, तरी आधी सगळ्यात जास्त व्याजाचं कर्ज, गृहकर्जात जास्तीचे पैसे नंतर. पतसंस्थेचं किंवा सोनेतारण कर्ज काढून कार्ड मिटवणं कमी व्याजात बसत असेल तर चांगलंच, फक्त त्यानंतर कार्ड परत वापरायला काढलं तर दोन कर्जं होतात.

खर्चाचं म्हणाल तर रोजचा चहा बंद करून फार काही होत नाही. बजेट मोडतं ते जूनमधली शाळेची फी, गाडीचा इन्शुरन्स, गणपती, दिवाळी यांनी, आणि हे सगळे खर्च दरवर्षी येणारच असतात, मग त्यांची बेरीज करून बाराने भागा आणि तेवढे दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका.

हप्ता चुकणार असं दिसलं तर गप्प बसू नका. बाउन्स झाला की आपली बँक पण चार्ज लावते आणि कर्ज देणारी पण, त्यामुळे तारखेच्या आधीच फोन करून मुदत वाढवून किंवा तारीख बदलून मागा. हप्ता भरायला लोन ॲपवरून पैसे अजिबात घेऊ नका. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, शिवीगाळ किंवा नातेवाईकांना फोन तर नाहीच नाही. असं झालं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे.

आणि शेवटच्या टप्प्यात घाई नको. "एवढे भरा, बाकीचे सोडतो" म्हणून सेटलमेंट केलं तर सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टवर, 'सेटल्ड' असा शेरा येतो, पुढचं कर्ज मिळताना तो आडवा येतो. जमत असेल तर पूर्ण भरून 'क्लोज्ड' करून घ्या, काही बाकी नाही असं नो ड्यूज सर्टिफिकेट हातात घ्या आणि महिना-दोन महिन्यांनी रिपोर्ट तपासा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात चूक दिसली तर तक्रार टाका, ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.