सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या पूर्वतयारीत प्रशिक्षणार्थींची कौशल्ये कशी तपासावीत

प्रकल्पाचे मूल्यमापन म्हणजे सत्राच्या शेवटी चालू स्क्रीन पाहून गुण देणे, अशी पद्धत अनेक संस्थांत पडून गेली आहे. चालू स्क्रीन मात्र दुसऱ्याकडून आणता येतो. कोड लिहिण्याआधी मुलाने कोणाला काय विचारले, काय टिपून घेतले आणि कामाचा अंदाज कसा बांधला, यातच त्याचे खरे कौशल्य दिसते. म्हणून मराठवाड्यातील तंत्रनिकेतनांत, आयटीआयमधील कोपाच्या (संगणक चालक व प्रोग्रामिंग साहाय्यक) वर्गांत किंवा खासगी प्रशिक्षण केंद्रांत शिकवणाऱ्यांनी पूर्वतयारीची तपासणी स्वतंत्रपणे आणि वेळेवर करावी.

सुरुवात निकष लिहिण्यापासून करावी. ‘विषयाची समज चांगली आहे’ हा निकष निरुपयोगी ठरतो, कारण तो दोन परीक्षक दोन प्रकारे वाचतील. त्याऐवजी डोळ्यांना दिसेल अशी कृती लिहावी: ग्राहकाला प्रश्न विचारून गरजा नोंदवतो, माहितीचे तक्ते आणि त्यांचे परस्परसंबंध काढतो, कामाचे तुकडे पाडून प्रत्येकाला लागणारा वेळ सांगतो, संगणकावर आवश्यक साधने स्वतः बसवून गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) पहिली नोंद करतो. हे निकष मुलांच्या हातात पहिल्याच दिवशी द्यावेत.

त्यानंतर काम निवडावे. ‘ग्रंथालय व्यवस्थापन’ हा विषय इतका घासला गेला आहे की त्याची उत्तरे कुठेही तयार मिळतात. लातूरच्या बाजार समितीतील आडत दुकानाची हिशोबपट्टी हा विषय मला अधिक कस पाहणारा वाटतो. सोयाबीन किंवा तूर घेऊन शेतकरी येतो, लिलाव होतो, वजन होते आणि हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी हातात पडते. एवढे सर्वांना माहीत असते; त्यापुढचे विचारल्याशिवाय कळत नाही. शक्य झाल्यास प्रत्यक्ष आडत्याला किंवा त्याच्या मुनीमजींना वर्गात बोलवावे. ते जमले नाही, तर एखाद्या सहकारी शिक्षकाने ती भूमिका करावी आणि विचारल्याशिवाय काहीही सांगू नये.

या मुलाखतीच्या वेळी परीक्षकाने मागे बसून फक्त टिपणे घ्यावीत. तपासणीतला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. एखादा मुलगा विचारतो, ‘हमाली पोत्यामागे की क्विंटलमागे?’ दुसरी विचारते, ‘एकाच शेतकऱ्याचा माल दोन व्यापाऱ्यांनी घेतला, तर पट्टी एक काढायची की दोन?’ कोणी म्हणतो, ‘शेतकऱ्याने आधी उचल घेतली असेल, तर ती कुठे दाखवायची?’ या प्रत्येक प्रश्नाने तक्त्यांची रचना बदलते. याउलट, पहिल्या पाच मिनिटांत स्क्रीनचा रंग विचारणाऱ्या मुलाला गरज आणि सजावट यांतला फरक अजून समजावून द्यावा लागणार आहे. मुलाखत मराठीतच होऊ द्यावी; इंग्रजी बोलता येत नाही म्हणून गप्प राहणारी खेड्यातील मुलगी इथे अनेकदा सर्वांत नेमके विचारते.

मग लेखी काम पाहावे. ‘पट्टी लवकर निघावी’ ही गरज तपासता येत नाही. ‘शेवटचे वजन भरल्यावर पाच सेकंदांत पट्टी स्क्रीनवर दिसावी’ ही तपासता येते. गरज पडताळता येण्याजोगी असावी ही अपेक्षा सॉफ्टवेअरच्या गरजा कशा लिहाव्यात हे सांगणाऱ्या, आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या १९९८ च्या ८३० क्रमांकाच्या मानकात होतीच आणि २०११ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या २९१४८ क्रमांकाच्या मानकातही ती कायम राहिली. तक्ते पाहताना दोन जागा मुद्दाम तपासाव्यात. शेतकऱ्याची ओळख मोबाइल क्रमांकावर ठेवली असेल, तर घरात एकच फोन असलेल्या दोन भावांचे काय होईल, हे विचारावे. रक्कम फ्लोट (दशांश अंदाजे साठवणाऱ्या) प्रकारात ठेवली असेल, तर ०.१ आणि ०.२ यांची बेरीज छापून दाखवायला सांगावी. बहुतेक भाषांत उत्तर नेमके ०.३ येत नाही, आणि पैशासाठी डेसिमल (दशांश नेमके साठवणारा) प्रकार का वापरायचा हे मुलाला त्या एका ओळीत उमगते.

साधने बसवण्याची तपासणी थोडक्यात आटोपावी. वीज किंवा नेट गेल्यास कोणाचे नुकसान होऊ नये, म्हणून आवश्यक फाइली आधीच उतरवून ठेवाव्यात. गिटच्या स्थानिक नोंदींना नेट लागत नाही.

गटाने केलेल्या कामाला एकसारखे गुण कधीही देऊ नयेत. प्रत्येकाला दहा मिनिटे स्वतंत्र बसवून त्याच्याच कागदावर प्रश्न विचारावेत: हा तक्ता वेगळा का केला, आडत्याने उद्या हमालीचा दर बदलला तर जुन्या पट्ट्यांचे काय होईल, या कामाला तीन दिवस कसे धरले? वेळेचा अंदाज चुकला तरी चालेल, पण तो कशावरून काढला हे सांगता आले पाहिजे.

शक्य तिथे दोन परीक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासावे आणि तफावत पडलेल्या निकषावरच चर्चा करावी. निकाल ‘सक्षम’ किंवा ‘अजून सराव हवा’ असा निकषनिहाय द्यावा, व त्याखाली पाहिलेल्या पुराव्याची एक ओळ लिहावी. सराव हवा असलेल्या मुलाला आठवड्याभरात त्याच निकषासाठी दुसरा विषय द्यावा, उदाहरणार्थ गावातील टँकरच्या खेपांची नोंद, आणि उरलेले निकष पुन्हा तपासू नयेत.