जुन्या हार्डडिस्कमधून कीपॅड फोनच्या गेमचे स्प्राइट (पात्रांची आणि वस्तूंची छोटी चित्रं), मॅप आणि आवाज कसे काढायचे

कीपॅडवाल्या फोनमधले गेम आता फोनमध्ये शोधत बसू नका, फोन मेलेले असतात, बॅटऱ्या फुगलेल्या असतात, आणि फोन चालू झाला तरी बऱ्याच मॉडेलमध्ये एकदा इन्स्टॉल झालेला गेम परत फाइल म्हणून बाहेर काढता येत नाही. पण हे गेम फोनमध्ये जायचे कुठून तर बहुतेक वेळा कॉम्प्युटरवरूनच, केबलने नाहीतर ब्लूटूथने नाहीतर कार्ड रीडरने, आणि कॉपी केल्यावर कॉम्प्युटरवरची मूळ फाइल कोण डिलीट करत बसतं? त्यामुळे खरा खजिना जुन्या हार्डडिस्क, मेमरी कार्ड आणि घरी बर्न केलेल्या सीड्यांमध्ये असतो. एक अपवाद म्हणजे फोनसोबतच आलेले गेम. १९९७ च्या नोकिया ६११० वरचा स्नेक फोनच्या फर्मवेअरमध्येच (फोनच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच) होता, तो कॉम्प्युटरवर सापडेल या आशेवर राहू नका.

पहिलं काम, मूळ डिस्कवर काहीच करायचं नाही. जुनी डिस्क यूएसबी अडॅप्टरला लावून थेट त्यातच फोल्डर उघडून अनझिप करत सुटणं म्हणजे मरणाऱ्या डिस्कला धाप लावणं. आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब कॉपी, काढा (लिनक्सवर डीडीरेस्क्यू यासाठी बेस्ट, खराब सेक्टर मागे ठेवून आधी चांगला भाग वाचून घेतो), मग ती इमेज रीड ओन्ली माउंट करा, म्हणजे फक्त वाचता येईल अशी उघडा, आणि सगळे प्रयोग कॉपीवर. सीडीचंही तेच.

आता शोधायचं कुठे. विंडोज एक्सपीच्या जमान्यातली डिस्क असेल तर डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जमध्ये प्रत्येक युजरचं माय डॉक्युमेंट्स बघा, त्यात ब्लूटूथ एक्स्चेंज फोल्डर नावाचं फोल्डर सापडलं तर समजा लॉटरी लागली, कारण ब्लूटूथने आलेलं सगळं तिथे पडायचं. डेस्कटॉपवरची 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २' ही मंडळीही सोडू नका. पण फोल्डर फिरण्यापेक्षा एक्स्टेंशनने शोधणं फास्ट: डॉट जार आणि डॉट जॅड हे जावा गेम, डॉट सिस आणि डॉट सिसएक्स हे सिंबियन सिस्टिमवाल्या स्मार्टफोनचे, डॉट पीआरसी हे पामच्या हातातल्या कॉम्प्युटरचे, आणि डॉट आयपीए हे सुरुवातीच्या आयफोनचे. आयपीए जुन्या आयट्यून्सच्या फोल्डरमध्ये मोबाइल ॲप्लिकेशन्स या नावाखाली मिळतात. विंडोजवर एव्हरीथिंग नावाचं छोटं फ्री सर्च टूल टाका, विंडोजचा स्वतःचा सर्च या कामाला फार रडतो.

डॉट जार शोधलं की शेकडो फाइल येतील आणि त्यातल्या बऱ्याच गेम नसतील, कॉम्प्युटरवरच्या जावा प्रोग्रामच्या लायब्ररी असतील. ओळखायचं कसं? जार म्हणजे साधी झिप फाइलच, सेव्हन झिपने उघडा, आत मेटा-इन्फ फोल्डरमध्ये मॅनिफेस्ट नावाची टेक्स्ट फाइल असते, त्यात मिडलेट-नेम, मिडलेट-व्हेंडर, मिडलेट-व्हर्जन अशा ओळी दिसल्या की तो फोनचा गेम किंवा ॲप. नसतील तर सोडून द्या. साइझवरूनही अंदाज येतो, सुरुवातीच्या बऱ्याच सिरीज ४० नोकियांवर जार ६४ केबीच्या आत बसवावी लागायची, नंतरच्या फोनवर काहीशे केबी ते एकदोन एमबी.

काही वेळा नुसती जॅड सापडते आणि जार गायब. जॅड म्हणजे नोटपॅडमध्ये उघडणारी छोटीशी टेक्स्ट फाइल, फेकून देण्यासारखी वाटते, पण तिच्यात मिडलेट-जार-साइझ अशी ओळ असते आणि तिथे जारची साइझ अगदी बाइटपर्यंत लिहिलेली असते. तो आकडा घ्या आणि एव्हरीथिंगमध्ये तेवढ्याच साइझच्या फाइल शोधा, नाव कुणी बदललेलं असो की एक्स्टेंशन उडालेलं असो, फाइल डिस्कवर असेल तर हाती लागते. मला ही युक्ती बाकी सगळ्या टूलपेक्षा भारी वाटते.

एक्स्टेंशनवर विश्वास ठेवायचा नाही हे तर पहिल्या दिवसापासून डोक्यात बसवा. एचएक्सडीसारखा हेक्स एडिटर (फाइलचे कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्राम) घ्या आणि फाइलच्या सुरुवातीचे बाइट बघा. उजवीकडच्या कॉलममध्ये सुरुवातीलाच पीके ही दोन अक्षरं असतील तर झिप, म्हणजे जार किंवा आयपीए असू शकते. दुसऱ्या अक्षरापासून पीएनजी दिसलं तर चित्र. एमटीएचडी म्हणजे मिडी, एमएमएमडी म्हणजे यामाहाचा एमएमएफ रिंगटोन फॉरमॅट, आणि हॅश, उद्गारचिन्ह, एएमआर असं आलं तर ते रेकॉर्ड केलेला आवाज. जावाच्या क्लास फाइलची सुरुवात हेक्समध्ये 'कॅफेबेब' अशी वाचता येते, म्हणजे कोड.

डिस्क फॉरमॅट झालीय किंवा फाइल डिलीट झाल्यात? मग फोटोरेक हे फाइल परत मिळवायचं टूल चालवा इमेजवर, रिकव्हर झालेल्या फाइल दुसऱ्या ड्राइव्हवरच टाकायच्या. नावं सगळी जातात, एफ आणि पुढे लांबलचक आकडा एवढंच उरतं, पण घाबरायचं कारण नाही, गेमचं नाव मॅनिफेस्टमध्ये आहेच, तिथून बघून परत नाव द्या.

आता आतला माल. नशीब चांगलं असेल तर जार उघडल्याबरोबर पीएनजी समोर, ड्रॅग करून बाहेर काढा, झालं. पण मोठ्या कंपन्यांच्या गेममध्ये बऱ्याचदा ०, १, २, ३ अशा बिनएक्स्टेंशनच्या फाइल दिसतात आणि लोक तिथेच हात टेकतात. कारण साधं आहे, झिपमध्ये प्रत्येक फाइलमागे ३० बाइटचा एक हेडर (फाइलची माहिती देणारा सुरुवातीचा तुकडा) आणि शेवटच्या यादीत ४६ बाइटचा दुसरा, वर फाइलचं नाव दोनदा, आणि जिथे केबी केबीसाठी मारामारी तिथे शंभर छोटी चित्रं वेगवेगळी ठेवणं परवडायचं नाही, मग सगळी एकामागोमाग चिकटवून एकच फाइल करायचे.

अशी फाइल फोडायची पद्धत हाताने एकदा करून बघाच. हेक्स एडिटरमध्ये उघडा, पीएनजी हा शब्द सर्च करा. सापडला की त्याच्या आधीचा एक बाइट, ८९, तिथून सिलेक्शन सुरू. थोडं पुढे आयएचडीआर लिहिलेलं दिसेल, त्याच्या लगेच पुढचे चार बाइट म्हणजे रुंदी आणि त्यापुढचे चार उंची. तिथे ०० ०० ०० बी० आणि ०० ०० ०० डीसी असं असेल तर १७६ बाय २२०, म्हणजे त्या काळच्या कितीतरी फोनची फुल स्क्रीन, बहुतेक टायटलचं चित्र असणार. मग पुढे आयएंड शोधा, त्याच्यानंतरचे चार बाइट, एई ४२ ६० ८२, हे पण घ्यायचे, ते विसरलं तर काही प्रोग्राम फाइल तुटलेली म्हणून उघडत नाहीत. एवढं कॉपी करून नव्या फाइलमध्ये पेस्ट, डॉट पीएनजी नावाने सेव्ह. दोनतीन चित्रं अशी काढली की कंटाळा येईल, मग बिनवॉक किंवा फोरमोस्टला द्या काम, ते सगळी एका झटक्यात काढतात. हाताने करायचं ते कळण्यासाठी, कारण काही गेममध्ये पीएनजीचा हेडरच कापलेला असतो किंवा कंपनीचा स्वतःचा स्प्राइट फॉरमॅट असतो, तिथे ऑटोमॅटिक टूल शून्य रिझल्ट देतं आणि तुम्हाला क्लास फाइल सीएफआरसारख्या डीकंपायलरमध्ये (क्लास फाइलमधून वाचता येणारा कोड काढणाऱ्या प्रोग्राममध्ये) टाकून लोड करणारा कोड वाचावा लागतो. क्लासची नावं ए, बी, सी अशी असतील, ती प्रोगार्ड या कोड लहान करणाऱ्या टूलची करामत, मुद्दाम छोटी केलेली.

चित्रं निघाली तरी गेममध्ये दिसायची तशी दिसतीलच असं नाही. हिरो फक्त उजवीकडे तोंड करून असतो, कारण फोनवरच्या जावाचं स्टँडर्ड असलेल्या मिडपच्या २००२ च्या २.० व्हर्जनपासून चित्र आरशासारखं उलटवायची आणि फिरवायची सोय फोनमध्येच होती. लाल आणि हिरवा शत्रू वेगळे आठवत असतील आणि शीटमध्ये एकच विचित्र रंगाचा सापडला तर कोडमध्ये पॅलेट (चित्राच्या रंगांची यादी) बदललेली असते, पीएलटीई नावाचा तुकडा शोधा, तीन तीन बाइटचे रंग असतात. लेव्हलचे मॅप चित्र म्हणून मिळतच नाहीत, टाइलच्या (मॅपच्या छोट्या चौकोनी तुकड्यांच्या) नंबरांची यादी असते एखाद्या बिन फाइलमध्ये, ती टाइल्ड नावाच्या एडिटरमध्ये आणायची तर मधे छोटी स्क्रिप्ट लिहावी लागेल. थ्रीडी गेममध्ये डॉट एम३जी, किंवा मॅस्कॉट कॅप्सूल हे थ्रीडी इंजिन वापरणाऱ्यांमध्ये डॉट एमबॅक मॉडेल आणि डॉट एमट्रा ॲनिमेशन.

मिडी कॉम्प्युटरवर वाजवून बघाल आणि म्हणाल हे तर ते नाहीच! बरोबर आहे, मिडीत फक्त सूर असतात, वाद्याचा आवाज फोनच्या सिंथचा, कॉम्प्युटरवर तो वेगळाच येणार. काही गेममध्ये ध्वनीची फाइलच नसते, टोन क्लासच्या आत बाइटच्या रांगेत लिहिलेले असतात. अशा वेळी गेम फ्रीजे२एमई किंवा केइम्युलेटरवर (कॉम्प्युटरवर फोनचे गेम चालवणारे प्रोग्राम) चालवून आवाज रेकॉर्ड करा. सिंबियन आणि एन-गेज या नोकियाच्या गेमिंग फोनसाठी ईकेए२एल१.

आयपीएचं थोडं वेगळं, झिप म्हणूनच उघडते, कोड एन्क्रिप्टेड असला तरी चित्रं उघडीच असतात, फक्त ॲपलने पीएनजी स्वतःच्या पद्धतीने बदललेल्या असतात म्हणून साध्या व्ह्यूअरमध्ये उघडत नाहीत, ॲपलच्या एक्सकोडसोबत येणाऱ्या पीएनजीक्रशमध्ये आयफोनचं ऑप्टिमायझेशन उलटवायचा पर्याय आहे तो वापरा. आणि हे महत्त्वाचं, आयपीएच्या आत आयट्यून्समेटाडेटा नावाच्या फाइलमध्ये ज्याने गेम घेतला त्याचा ॲपल आयडीचा ईमेल असू शकतो, कुणाला फाइल पाठवताना ते बघा. मित्राच्या जुन्या डिस्कवर काम करत असाल तर त्याचे फोटो आणि मेसेजचे बॅकअपही समोर येतील, ते उघडायचे नाहीत, साधी गोष्ट आहे.

सगळं काढून झालं की लोकांचा हात पहिला जातो डुप्लिकेट डिलीट करायला, आणि माझं इथेच भांडण आहे. एकाच गेमच्या चार जार म्हणजे चार कॉपी नव्हेत. १२८ बाय १२८, १७६ बाय २०८, १७६ बाय २२०, २४० बाय ३२० अशा प्रत्येक स्क्रीनसाठी वेगळी बिल्ड निघायची, चित्रं वेगळी काढलेली, कधी लहान स्क्रीनवाल्यात अख्ख्या लेव्हल गायब, कधी संगीत नाही. शिवाय व्हर्जन बदललेलं असतं ते मॅनिफेस्टमध्येच कळतं. म्हणून आधी प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) काढा, विंडोजमध्ये सर्टयुटिलने होतो, हॅश तंतोतंत जुळला तरच ती खरी डुप्लिकेट. बाकीच्या ठेवा, फोल्डरला गेमचं नाव, व्हर्जन आणि स्क्रीन साइझ असं नाव द्या, मूळ जार हात न लावता एका बाजूला आणि काढलेली चित्रं दुसऱ्या बाजूला. या चित्रांचे हक्क अजून कुणाकडे तरी असतातच, कंपनी बंद पडली तरी, तेव्हा अभ्यासाला, आठवणीला खुशाल वापरा पण स्वतःच्या गेममध्ये घालून विकायला नाही. आणि फाइलची जुनी तारीख टिकवायची असेल तर कॉपी करताना रोबोकॉपी किंवा आरसिंक (-a पर्याय लावून) वापरा.