लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका

गरोदरपणात दोन्ही गोळ्या सुरू असतात आणि लक्षात राहावं म्हणून बऱ्याचजणी त्या सकाळच्या चहाबरोबर एकदमच घेतात. कॅल्शियममुळे आणि चहामुळे लोह अंगी कमी लागतं, म्हणून त्यांच्या वेळा वेगळ्या ठेवायच्या.

सोपा उपाय म्हणजे पाकिटांच्या जागा बदलणे.

१. कॅल्शियमचं पाकीट स्वयंपाकघरात, जेवायच्या ताटांजवळ ठेवा. ही गोळी जेवणाबरोबरच घ्यायची. सरकारी दवाखान्यातून ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा सांगतात. ती न्याहारीला आणि दुपारच्या जेवणाला घेतली की रात्र मोकळी राहते.

२. लोहाचं पाकीट उशाशी. रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना घ्या. सोबत लिंबू पिळलेलं पाणी किंवा आवळ्याची फोड असली तर उत्तमच. दूध मात्र त्या वेळी नको. ते प्यायची सवय असेल तर संध्याकाळी लवकर प्या.

रात्री घेतल्याने अनेकींना मळमळही कमी जाणवते, आणि मळमळीपायीच तर गोळी सुटते. शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नका. पोट फारच घट्ट झालं तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना किंवा आशाताईंना सांगा.

घरात लहान मूल असेल तर उशाशी पाकीट अजिबात नको, उंच कपाटात ठेवा आणि फोनवर गजर लावा. या लाल गोळ्या मुलांना चॉकलेटसारख्या दिसतात आणि त्यांनी जास्त खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं.