जिवंत पेशीतील तंतुकणिका आणि पेशीकंकाल यांचा संबंध कसा तपासावा

तंतुकणिका म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया पेशीद्रवात मोकळ्या तरंगत नसतात. प्राण्यांच्या बहुतेक पेशींमध्ये त्यांचा लांब पल्ल्याचा प्रवास सूक्ष्मनलिकांवरून, म्हणजे पेशीला आधार देणाऱ्या तंतूंच्या जाळ्यातील (पेशीकंकालातील) पोकळ नळ्यांवरून होतो. कायनेसिन हे चालक प्रथिन त्यांना नलिकेच्या धन, म्हणजे वेगाने वाढणाऱ्या टोकाकडे नेते, तर डायनीन ऋण टोकाकडे आणते. तंतुकणिकेच्या बाह्यपटलावरील मिरो आणि त्याला जोडलेले ट्रॅक ही प्रथिने या चालकांना तिच्याशी बांधून ठेवतात. पेशीकंकालातील दुसरे, बारीक तंतू म्हणजे ॲक्टिन; त्यांचा वाटा निराळा असतो: आखूड हालचाली, एका जागी स्थिरावणे आणि विभाजनाच्या वेळी पटल आवळले जाणे. मात्र मुकुलन करणाऱ्या (कळी फुटून नवी पेशी बनवणाऱ्या) यीस्टमध्ये तंतुकणिका ॲक्टिनवरूनच नेल्या जातात. त्यामुळे एका प्रकारच्या पेशीतील निष्कर्ष दुसऱ्या प्रकाराला न तपासता लावू नये.

प्रयोगासाठी फायब्रोब्लास्टसारख्या (संयोजी ऊतीतील) पातळ आणि पसरट पेशी घ्याव्यात. दिशेचा अभ्यास करायचा असेल तर चेतापेशींचा अक्षतंतू (ॲक्सॉन, पेशीचा लांब धागा) अधिक सोयीचा, कारण त्यातील सूक्ष्मनलिकांची धन टोके पेशीदेहापासून दूर, बाहेरच्या दिशेला असतात. साहजिकच बाहेर जाणारी तंतुकणिका कायनेसिनच्या आणि परतणारी डायनीनच्या बळावर चालली आहे असे मानता येते. पेशी सतत 37 अंश सेल्सिअसला ठेवाव्यात, कारण थंडीमुळे सूक्ष्मनलिका विरघळू लागतात.

तंतुकणिकांसाठी टीएमआरएम हा रंग वापरता येतो, पण तो पटलावरील विद्युतविभवावर अवलंबून असल्याने विभव घसरले की फिका पडतो. तंतूंच्या रंगांबाबत अधिक सावध राहावे. एसआयआर-ट्युब्युलिन हा सूक्ष्मनलिकांचा रंग (ट्युब्युलिन म्हणजे नलिका ज्यापासून बनतात ते प्रथिन) डोसिटॅक्सेलपासून आणि एसआयआर-ॲक्टिन जॅस्प्लाकिनोलाइडपासून बनवलेला आहे. ही दोन्ही मूळ रसायने तंतूंना कृत्रिमरीत्या स्थिर करतात, म्हणून रंगाचे प्रमाण जास्त झाले तर ज्या व्यवस्थेचे निरीक्षण करायचे तीच बदलून जाते. शक्य तितक्या कमी प्रमाणात रंग घालावा आणि शेजारी तंतूंचा रंग न घातलेल्या पेशींमधील तंतुकणिकांची हालचालही मोजावी.

चित्रण करताना दर एक-दोन सेकंदांनी एक चौकट पुरते, कारण तंतुकणिकांचा वेग साधारणपणे सेकंदाला एक मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असतो. प्रकाश मंद ठेवावा. तीव्र प्रकाशाने तंतुकणिका फुगतात, तुटतात आणि थांबतात, आणि हा परिणाम जैविक निष्कर्ष म्हणून नोंदला जाण्याचा धोका खरा आहे.

सर्वांत मोठी फसगत स्थिर चित्रात होते. सूक्ष्मनलिकेचा व्यास सुमारे 25 नॅनोमीटर, ॲक्टिन तंतूचा सुमारे 7 नॅनोमीटर, तर साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता (दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी लागणारे किमान अंतर) सुमारे 200 नॅनोमीटर असते; दाट जाळे असलेल्या पेशीत जवळजवळ प्रत्येक तंतुकणिका कोणत्या ना कोणत्या तंतूवर असल्यासारखी दिसणारच. दोन रंगांचे एकत्र येणे मोजायचेच असेल तर एका रंगाचे चित्र 90 अंशांनी फिरवून तेच मोजमाप पुन्हा करावे. आकडा फारसा घसरला नाही तर ते एकत्र येणे योगायोगाचे समजावे. माझ्या मते हालचालीचा पुरावा याहून कितीतरी भरवशाचा असतो. फिजी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कायमोग्राफ, म्हणजे आडव्या अक्षावर जागा आणि उभ्या अक्षावर वेळ दाखवणारे चित्र, काढावा: त्यात तिरकी रेघ म्हणजे चालणारी तंतुकणिका, उभी रेघ म्हणजे थांबलेली, आणि रेघेच्या उतारावरून वेग कळतो.

त्यानंतर एका वेळी एकच तंतू काढून पाहावा. सूक्ष्मनलिका मोडण्यासाठी नोकोडॅझोल, ॲक्टिन मोडण्यासाठी लॅट्रनक्युलिन ही औषधे वापरावीत आणि दोन्हींच्या जोडीला केवळ डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतात तो द्रव) दिलेल्या पेशी तुलनेसाठी ठेवाव्यात. नोकोडॅझोलनंतर लांब, सरळ धावा थांबून जागच्या जागी होणारी थरथर तेवढी उरली, तर त्या धावा सूक्ष्मनलिकांवर अवलंबून होत्या असे म्हणता येईल. तरीही काही स्थिर, ॲसिटिलयुक्त (ॲसिटिल गट जोडलेल्या) नलिका औषधाला दाद देत नाहीत; त्या उरल्या आहेत का, हे ट्युब्युलिनच्या प्रतिपिंडाने तपासल्याशिवाय नकारात्मक निकाल लिहू नये.

शेवटी नोकोडॅझोल धुऊन काढावे. नलिका पुन्हा वाढू लागल्यावर धावाही परतल्या पाहिजेत. नलिका उभ्या राहूनही त्या परतल्या नाहीत, तर पेशीला दुसरी इजा झाली असण्याची शक्यता धरावी आणि त्या पेशींची मोजमापे निष्कर्षात घेऊ नयेत.