बैठकीत टाचा उचलतात? आधी घोटा मोजा

उकिडवं बसायला गेलं की टाचा उचलतात, नाहीतर माणूस मागे कलंडतो. दोष गुडघ्याला दिला जातो, पण पुष्कळदा अडलेला असतो घोटा. नडगी पुढे झुकली नाही तर तोल सांभाळायला शरीर टाच उचलतं.

पोटरी सैल करायला फोम रोलर, म्हणजे स्नायूंवर लाटायचा फोमचा दंडगोल, वापरतात. पण त्याला हात लावण्याआधी माप घ्या. भिंतीसमोर अनवाणी उभं राहून एक पाय पुढे ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला की पाऊल अर्धा सेंटीमीटर मागे, पुन्हा टेकवा. जिथवर जमलं तिथे अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवा. 10 सेंटीमीटरच्या आसपास असेल तर ठीक, 5-6 असेल तर घोटा आखडलेला आहे. पाऊल आत कलवलं की आकडा फुगतो, म्हणून गुडघा अंगठ्याशेजारच्या बोटाच्या रेषेत ठेवा.

ताण कुठे येतो हेही बघा. मागे पोटरीत ओढ बसत असेल तर रोलर कामाचा. पुढे, घोट्याच्या घडीत चिमटा बसत असेल तर अडचण सांध्यात आहे आणि पोटरी कितीही लाटली तरी ती फारशी सुटत नाही. पाय पूर्वी मुरगळला असेल तर असं दिसतं. तेव्हा फिजिओथेरपिस्टला दाखवा.

आता 5 मिनिटं भरभर चाला किंवा जिना चढा-उतरा. कपाळ किंचित ओलसर झालं की पुरे.

रोलर 15 सेंटीमीटर व्यासाचा, गुळगुळीत आणि मध्यम कडक घ्या. गाठीगाठींचे रोलर दिसायला भारी असतात, पण नवख्याला इतके टोचतात की पोटरी सैल पडण्याऐवजी आवळते. रोलर नसेल तर खुर्चीत बसून स्वयंपाकघरातलं लाटणं पोटरीवर फिरवा. तेवढ्यानेही काम होतं.

जमिनीवर बसून हात मागे टेका, पोटरी रोलरवर, दुसरा पाय जमिनीवर. बूड थोडं उचला. घोट्याच्या चार बोटं वरून सुरुवात करा आणि गुडघ्यामागच्या लवणीच्या चार बोटं खाली थांबा. लवणीतून रक्तवाहिन्या आणि नसा जातात, तिथे दाब नको. एका फेरीला 3-4 सेकंद. दुखरी जागा सापडली की तिथेच थांबून चवडा 8-10 वेळा वर-खाली करा. मग पाय आत आणि बाहेर वळवून पोटरीच्या दोन्ही कडा घ्या. एका पायाला एकूण मिनिटभर. श्वास रोखला जात असेल तर दाब जास्त होतोय, दुसऱ्या पायावर भार घ्या.

फुगलेल्या शिरांवर रोलर फिरवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. एकाच पोटरीला अचानक सूज आली, ती गरम लागू लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रोलरने स्नायूतल्या ‘गाठी फुटतात’ हा गैरसमज. मुख्यतः ताण सहन करण्याची मज्जासंस्थेची तयारी थोडा वेळ वाढते आणि साधारण 10-20 मिनिटांत ओसरू लागते. रोलर फिरवून मोबाइल बघत बसलात की केलेलं गेलं. लगेच भिंतीशी या, गुडघा पुढे-मागे 15 वेळा, दोन फेऱ्या. गुडघा वाकलेलाच हवा, कारण बैठकीत आडवा येतो तो पोटरीचा आतला, खोलवरचा स्नायू, आणि पाय सरळ ठेवून तो नीट ताणला जात नाही. मग खिडकीचा गज धरून 30 सेकंद उकिडवं बसा. आता पुन्हा मोजा. 1 सेंटीमीटर वाढलं तरी दिशा बरोबर आहे.

मिनिटापेक्षा लांबलेला स्थिर स्ट्रेच मात्र जड वजन उचलण्याआधी नको, ताकद थोडी उतरते. तो संध्याकाळी करा.

वाढ टिकायला आठवड्यातून 5 दिवस, निदान महिना-दीड महिना लागतो. तोवर बैठका सोडू नका. टाचांखाली 2 सेंटीमीटरची फळी ठेवून मारा आणि माप वाढेल तशी फळी पातळ करत जा.