वाफेच्या रेल्वेवर यायचंय? आधी बॉयलर धुवायला या

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या मुलामुलींपैकी कुणी ना कुणी विचारतंच, "तुम्ही सुट्टीच्या दिवशी वाफेच्या रेल्वेवर काम करता ना? आम्हालाही येता येईल?" जरूर या. माणसं हवीच आहेत. फक्त कुठल्या कामाला हवीत, ते आधी समजून घ्या.

इथल्या अशा जतन केलेल्या बहुतेक जुन्या रेल्वे स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. वाट दाखवली ती वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेने. पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी १८६५ मध्ये बांधलेला तो चिमुकला मार्ग १९५० मध्ये मालक वारल्यावर मोडीतच निघायचा. पण काही जिद्दी मंडळींनी संस्था काढली आणि १४ मे १९५१ ला स्वतः गाडी सोडली. सगळ्यांच्या नशिबी हे नव्हतं. आपली 'बार्शी लाइट' ही छोटी रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हेच पुढे स्टॅफर्डशायरमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेचे इंजिनिअर होते. गेजही, म्हणजे दोन रुळांमधलं अंतरही, बार्शीचंच, अडीच फुटी. ती १९०४ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये बंद पडली आणि तेव्हा वाचवायला कुणी नव्हतं. आज तिथे रुळांच्या जागी पायवाट आहे.

नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला इंजिनाच्या केबिनमध्ये उभं राहायचं असतं, आणि त्यात गैर काहीच नाही. पण क्रम ठरलेला आहे: आधी इंजिन पुसणारा क्लीनर, मग आगीत कोळसा टाकणारा फायरमन, मग ड्रायव्हर. एकेका पायरीला वर्षं जातात, कारण मागे डब्यांत लोक बसलेले असतात. तेवढा धीर नसेल तर या वाटेला न आलेलं बरं.

खरी निकड आहे ती वर्कशॉपमध्ये. बॉयलर साधारण दर दहा वर्षांनी उतरवून, नळ्या काढून, आतून तपासावा लागतो. मोठ्या इंजिनाच्या अशा दुरुस्तीला लाखो पाउंड लागतात, आणि तोवर ते इंजिन एक पेनीही कमावत नाही. सुटे भाग दुकानात मिळत नाहीत. जुन्या ड्रॉइंगवरून लाकडी साचा करायचा, त्यावरून ओतकाम करून घ्यायचं, मग लेथवर चढवायचं.

पहिल्या दिवशी तुमच्या वाट्याला बहुधा वॉशआउट येईल. बॉयलर पूर्ण थंड झाला की प्लग काढायचे आणि होजने जोरात पाणी मारत राहायचं, कोपऱ्यांतला गाळ आणि क्षारांचे पापुद्रे निघून स्वच्छ पाणी येईपर्यंत. हे काम हलकं समजू नका. गाळ राहिला तर तिथला पत्रा नको तितका तापतो आणि बॉयलरचं आयुष्य घटतं.

फायरबॉक्सच्या, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीच्या, आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यांना जोडून ठेवणारे शेकडो स्टे, म्हणजे धातूचे आखूड दांडे, असतात. आमच्या शेडमधले एक वयस्कर फिटर आत वाकून हातोडीने एकेक स्टे ठोकत जातात. शाबूत स्टे खणखणीत वाजतो, तुटलेला बद्द. सुरुवातीला सगळे आवाज सारखेच वाटतात. कान तयार व्हायला दोन-चार हिवाळे जातात. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफ १९६८ च्या ऑगस्टमध्ये संपली. तेव्हा नोकरीत असलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे गेली आहेत. पैसा उभा करता येतो, पण असा कान एका पिढीकडून दुसरीकडे गेला नाही तर तो कुठून आणायचा? मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

कोळशाचंही अवघड झालंय. दक्षिण वेल्समधली फॉस-अ-व्रान ही खाण २०२३ च्या अखेरीस बंद झाली. आता जहाजाने आलेला परदेशी कोळसा किंवा भुकटी दाबून केलेल्या गोळ्या वापरून पाहतात. त्यांची आग वेगळी, त्यामुळे मुरलेल्या फायरमनलाही हात नव्याने बसवावा लागतो.

विद्यार्थी व्हिसावर असाल तर अर्जाआधी अटी नीट वाचा. स्वयंसेवा आणि बिनपगारी नोकरी यांत तिथे फरक केलेला आहे. शंका असेल तर विद्यापीठाच्या व्हिसा कार्यालयात विचारा. अर्ज हिवाळ्याच्या तोंडावर करा. तेव्हा गाड्या जवळपास बंद असतात, इंजिनं उघडलेली असतात आणि शिकवणाऱ्यांना वेळ असतो. येताना सुती कपडे घाला, सिंथेटिक नको, ठिणगीने ते अंगाला चिकटतं. आणि पुढे पोलादी टोपी असलेले बूट आणा.